दुखणे कोणत्या भाषेत मोजायचे?

ताप मोजायला थर्मामीटर आहे. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधतात, साखर तपासायला बोटातला रक्ताचा एक थेंब पुरतो. यांपैकी कशासाठीही रुग्णाला तोंड उघडावे लागत नाही. माणूस मराठी बोलणारा असो, कन्नड असो की उर्दू, १०२ ताप हा १०२च असतो. दुखण्याचे तसे नाही. दुखणे दाखवणारी सुई नाही, काटा नाही, पारा नाही. ते मोजण्याचे मुख्य साधन एकच, आणि ते म्हणजे रुग्णाचे सांगणे. सांगणे म्हटले की भाषा आली, आणि भाषा आली की सीमाभागातल्या माणसाचे काय होते, हे या दैनिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

शाळा, सातबारा, बसच्या पाट्या आणि सरकारी परिपत्रके या निमित्ताने भाषेचा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे मांडला जात आहे. दवाखान्याच्या खाटेपाशी तोच प्रश्न उभा राहतो, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. कारण उघड आहे. पोटात कळ आलेला माणूस निवेदन घेऊन कचेरीत जात नाही. तो मिळेल त्या भाषेत दोन शब्द सांगतो, मिळेल ती गोळी घेतो आणि शेवटची बस पकडतो.

दुखणे यंत्राने मोजण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला नाही असे नाही. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघा संशोधकांनी एक उपकरण बनवले. माणसाच्या कपाळावर काळी शाई फासायची, त्यावर प्रखर दिव्याचा झोत भिंगातून तीन सेकंद पाडायचा आणि ऊब संपून वेदना कुठे सुरू होते ते विचारायचे. त्यांनी वेदनेचे एककही ठरवले. त्याला ‘डोल’ असे नाव दिले. पुढे बाळंतिणींच्या कळा याच मापाने मोजण्यासाठी दोन कळांच्या मध्ये त्यांच्या हातावर असेच चटके देऊन तुलना करून पाहिली. शास्त्राच्या नावाखाली माणूस काय काय करतो पाहा! शेवटी ‘डोल’ काही टिकला नाही. प्रयोगशाळेतला चटका आणि दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वेदना या एका जातीच्या गोष्टीच नव्हेत, हे कळून चुकले.

जखम केवढी यावरून दुखणे केवढे हेही ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. गंभीर जखमी सैनिकांना ते विचारत, की दुखणे थांबवायला औषध हवे का? सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. बीचर यांनी ही निरीक्षणे १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा तर्क असा, की त्या सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका होती. तेवढीच जखम घरच्या कर्त्या माणसाला ऐन सुगीत झाली तर तिचा अर्थ निराळा होतो आणि दुखणेही निराळे होते. डॉक्टरला हे क्ष-किरणाच्या फोटोत दिसत नाही. ते विचारावेच लागते.

अठ्ठ्याहत्तर शब्दांची तपासणी

विचारायचे कसे, यावर सर्वांत कसून काम केले ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी. १९५० च्या दशकात अमेरिकेत काम करत असताना त्यांना पाय कापावा लागलेल्या एक वयस्क बाई भेटल्या. जो पाय उरलेलाच नाही, तो दुखतो असे त्या सांगत. आणि केवळ ‘दुखतो’ म्हणून थांबत नसत, तर आग होते, भोसकल्यासारखे होते, कळ सणकून जाते, असे वेगवेगळे शब्द वापरत. मेल्झॅक असे शब्द जमवू लागले. १९७१ मध्ये टॉर्गरसन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वेदनेच्या १०२ इंग्रजी शब्दांची प्रतवारी लावली आणि १९७५ मध्ये त्यांतून एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ७८ शब्द आहेत, वीस गटांत मांडलेले. एका गटात सगळे शब्द भाजण्याचे, एकात टोचण्याचे, एकात ओढण्याचे, आणि प्रत्येक गटात सौम्यापासून तीव्रापर्यंत चढता क्रम. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे.

या प्रश्नावलीमागची कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. दुखणे किती आहे एवढेच विचारून भागत नाही. ते कसे आहे आणि माणसाचे काय करते आहे, हेही विचारावे लागते. म्हणून शब्दांचे मोठे विभाग पाडलेले आहेत. काही शब्द अंगाला काय जाणवते ते सांगतात, काही मनाची अवस्था सांगतात, आणि काही एकंदर किती असह्य ते सांगतात. वर्गात मुलांची परीक्षा घेणाऱ्या कोणालाही हे पटेल. नुसत्या गुणांच्या आकड्यावरून मूल कुठे अडले ते समजत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिका वाचावी लागते.

यातली दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी आहे. ही प्रश्नावली पुढे अनेक भाषांत गेली. तेव्हा शहाण्या माणसांच्या लक्षात आले, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर फसगत होते. फिनलंडमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली भाषांतरित नव्हती. तिथल्या संशोधकांनी फिनिश भाषेतले वेदनेचे शब्द गोळा करून त्यांवर ती रचली. फिनलंड लोकसंख्येने लहान देश. त्यांच्या भाषेला जगात फार मोठी बाजारपेठ नाही. तरी आपले दुखणे इंग्रजीच्या साच्यात कोंबायचे नाही, एवढे भान त्यांनी ठेवले.

आपले शब्द

आम्ही आठवीच्या वर्गाला एकदा सुट्टीचा गृहपाठ दिला. घरातल्या आजी-आजोबांना, शेजारच्या मावशीला, गुराख्याला विचारून दुखण्याचे शब्द लिहून आणायचे. ‘दुखणे’ हा शब्द वापरायचा नाही, एवढी अट. मुलांनी वह्या भरून आणल्या. गळू ठणकते. फोड ठसठसतो. दाढेतून कळ मारते. खरचटले की चुरचुरते, त्यावर मीठ पडले की झोंबते. काटा सलतो. डोळ्यांत खुपते. पोटात मुरडा येतो. पाठीत चमक निघते, उसण भरते. पोटऱ्यांत गोळे येतात. तळपायांची आग होते. हातापायाला मुंग्या येतात. वाकून भात लावला की कंबरेला रग लागते. ताप येण्याआधी कणकण असते, अंग मोडून येते. भाजल्यावर कातडी हुळहुळते. डोके कधी जड होते, कधी ठणकते, तर कधी कोणी आत घण घालत असल्यासारखे होते. एका मुलाच्या आजीने गुडघ्याबद्दल ‘चावतोय’ असे सांगितले. मुलाला ते चुकीचे वाटले म्हणून त्याने खोडले होते. आम्ही ते पुन्हा लिहायला लावले.

यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्यासारखे थांबून थांबून दुखणे. तिथे पू झाला असेल असे आपल्याकडची म्हातारी माणसे डॉक्टरच्या आधी सांगतात. कळ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. म्हणून बाळंतपणाच्या कळा असतात, बाळंतपणाचा ठणका नसतो. चमक क्षणात येते आणि जाते. आग सतत असते. मेल्झॅक यांनी वर्षानुवर्षे खपून जी प्रतवारी लावली, तिचा कच्चा माल आपल्या प्रत्येक ओसरीवर पडलेला आहे.

आता या माणसांना दवाखान्यात नेऊ. समोरचे डॉक्टर विजापूरचे, बेंगळुरूचे, केरळचे किंवा उत्तरेकडचे असतील. बहुतेक जण चांगले असतात आणि रांग मोठी असते. ते विचारतात, “एल्लि नोवु?” आजी पोटावर हात ठेवतात. बरोबर आलेला नातू मोडक्या कन्नडमध्ये किंवा हिंदीत सांगतो, “पेट में दर्द है.” आजींनी घरून निघताना काय सांगितले होते? जेवल्यावर दोन तासांनी बेंबीच्या वर आग पडते, पहाटे जाग येते आणि दूध घेतले की थोडे शमते. त्या तीन वाक्यांत अर्धे निदान होते. डॉक्टरपर्यंत पोचला तो एक शब्द, दर्द.

कधी याचे मोल फार मोठे असते. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा अनेकांना आपण ज्याला दुखणे म्हणतो तसे काही होत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, दडपते, आवळते, जबडा किंवा डावा हात भरून येतो, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. अशा माणसाला कोणी “नोवु इदेया?” किंवा “दर्द है?” असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. कारण ते त्याच्या भाषेत दुखणे नव्हेच, ते दडपणे आहे. वाचकांनी हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे. छातीत दडपत असेल तर ‘दुखत नाही’ असे सांगून थांबू नये. दडपते, असेच सांगावे, आणि भाषा अडली तर मूठ छातीवर दाबून दाखवावी.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली असली की पायांच्या नसांवर परिणाम होतो. नसांचे दुखणे आणि सांध्याचे किंवा स्नायूंचे दुखणे यांची औषधे निराळी असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी नसांचे दुखणे सहसा हटत नाही. ते ओळखण्यासाठी फ्रान्समधील डॉक्टरांनी २००५ मध्ये दहा मुद्द्यांची एक छोटी तपासणी प्रसिद्ध केली. दहापैकी चार मुद्दे जुळले तर दुखणे नसांचे असण्याचा संभव धरतात. यातले सात मुद्दे रुग्णाला विचारायचे असतात, की आग होते का, झोंबणारा गारठा जाणवतो का, विजेचा झटका बसल्यासारखे होते का, मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, खाज येते का, वगैरे. इंग्रजीत मुंग्यांसाठी टाचण्या आणि सुया असा शब्दप्रयोग आहे. त्याचे कोणी शब्दशः भाषांतर करून “पायात सुया आहेत का?” असे विचारले तर आपला शेतकरी पाय उलटा करून काटा शोधू लागेल. “मुंग्या येतात का?” म्हटले की काम झाले.

बायकांचे दुखणे तर आणखी एका चाळणीतून जाते. सून दवाखान्यात येते, बरोबर दीर किंवा सासरा दुभाषा म्हणून असतो. ओटीपोटाचे, पाळीचे, अंगावरून जाण्याचे दुखणे ती त्यांच्यादेखत काय सांगणार? ती “कंबर दुखते” म्हणते. दुभाषाही तेवढेच सांगतो. परत येताना कंबरेला लावायचे मलम मिळते. त्यातच सोसणे हा आपल्याकडे बाईचा गुण समजला जातो. ‘सोसवत नाही’ एवढे शब्द जिच्या तोंडून निघाले, तिचे दुखणे वरच्या टोकाला पोचले आहे असे समजावे, मग तिने आकडा काहीही सांगो.

दहापैकी किती?

आकड्यांची पद्धत आता सगळीकडे आली आहे. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तुमचे किती? काही ठिकाणी दहा सेंटिमीटरची रेघ देतात आणि तिच्यावर खूण करायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर काल सात होते, आज चार आहे, हे पाहायला ही पद्धत उपयोगी आहे यात शंका नाही. एकाच माणसाची आजची आणि उद्याची तुलना ती चांगली करते. दोन माणसांची तुलना तिने करू नये.

पण एकट्या आकड्यावर विसंबणे किती महागात पडते, हे अमेरिकेने पाहिले. १९९० च्या दशकात तिथे नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या जोडीला दुखण्याचा आकडा हे ‘पाचवे लक्षण’ म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिण्याची चळवळ झाली. हेतू चांगला होता. पण आकडा खाली आणणे हेच काम होऊन बसले, आणि अफूवर्गीय गोळ्यांच्या अतिवापराला या पद्धतीने हातभार लावला अशी टीका पुढे झाली. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही ‘पाचव्या लक्षणा’ची कल्पना सोडून द्यावी अशी भूमिका घेतली. आकडा विचारला, पण माणसाला विचारले नाही, असे ते झाले.

आमच्या पिढीच्या आधीची माणसे दहात मोजत नाहीत. आणे १९५७ साली चलनातून गेले, तरी तोंडातून गेलेले नाहीत. “गोळीने आठ आणे फरक पडला”, “बारा आणे बरा आहे, चार आणे राहिलंय”, हे आपण रोज ऐकतो. डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट अंदाजाने मोजायला खेड्यातला माणूस अडाणी नाही. उभ्या पिकाची आणेवारी त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. अशा आजोबांना “दहापैकी किती” विचारले की ते गोंधळतात आणि काहीतरी सांगून मोकळे होतात. “रुपयातले किती आणे दुखते?” असे विचारून पाहावे. सोळातले बारा म्हणजे दहातले साडेसात, हे गणित करायला परिचारिकेला वेळ लागणार नाही.

मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना ती तयार केली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहरे, मुलाने आपला चेहरा बोटाने दाखवायचा. तान्ह्या बाळाला तेही जमत नाही. त्याच्यासाठी १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेली पद्धत आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि कुशीत घेतल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात.

बाळाला बोलता येत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे १९८० च्या दशकापर्यंत अनेक मोठ्या डॉक्टरांनाही वाटत असे. नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अगदी जुजबी भूल देऊन होत. हे चुकीचे आहे, पुरेशा वेदनाशमनाने बाळे शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसतात, हे १९८७ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधनातून ज्यांनी दाखवले, ते डॉ. कंवलजीत आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. ज्या इंदुरात मराठी माणूस होळकरांच्या काळापासून नांदतो, तिथला हा विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. दुखते असे माणूस सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, आणि ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नाही असे समजू नये. बाळाची असमर्थता वयाची. सीमेवरच्या रुग्णाची असमर्थता त्याची स्वतःची नाहीच; तो सांगतो आहे, समोर ऐकणारे कान दुसऱ्या भाषेचे आहेत.

इथे एक स्पष्ट करतो. हे गाऱ्हाणे कन्नड भाषेविरुद्ध नाही. मिरजेच्या दवाखान्यांत कन्नड बोलणारे शेकडो रुग्ण येतात, आणि ‘उरि’ आणि ‘सेळेत’ यांतला फरक तिथे कोणाला कळला नाही तर त्यांचेही असेच नुकसान होते. उरि म्हणजे आग, सेळेत म्हणजे ओढ. फरक तोच, हाल तेच. चंदगडचा माणूस बेळगावला येतो, सिंधुदुर्गाचा बांबोळीला जातो. रोग राज्यांच्या हद्दी पाहत नाही, रुग्णही पाहत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला कळणाऱ्या भाषेत मिळावी असे म्हटले आहे. डॉक्टरांनी रुग्णाला काय सांगावे, त्याचा हा हक्क झाला. रुग्णाने डॉक्टरांना काय सांगितले ते समजून घेण्याचा हक्कही त्याला जोडूनच येतो, अशी आमची धारणा आहे. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असलेल्या तालुक्यांत महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे केंद्राचे धोरण जुनेच आहे. दवाखान्यातल्या दुखण्याच्या पट्टीहून महत्त्वाची सूचना कोणती असेल, ते अधिकाऱ्यांनीच सांगावे.

तोपर्यंत घरी करता येण्याजोगे बरेच आहे. दवाखान्यात जाण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे. कुठे दुखते, कधीपासून, आपल्या शब्दांत कसे, कुठपर्यंत जाते, कशाने वाढते, कशाने शमते. त्याखाली दुखण्याने काय अडले तेही लिहावे. झोप लागत नाही, कळशी उचलवत नाही, उकिडवे बसवत नाही. ‘फार दुखते’पेक्षा ‘कळशी उचलवत नाही’ हे कोणत्याही भाषेत नेमके पोचते. बरोबर कोणाला न्यायचे ते आजाराप्रमाणे ठरवावे. सुनेबरोबर नणंद किंवा आशाताई असावी. दुभाषाने आपल्या मनाने सारांश करू नये, रुग्ण बोलेल तेवढे सगळे सांगावे.

मुलांनी आणलेल्या शब्दांतून आम्ही चाळीस निवडले आहेत. समितीतर्फे त्यांचे एक कार्ड करायचे चालले आहे. एका बाजूला मराठी शब्द, समोर कन्नड आणि हिंदी अर्थ, खाली आण्यांची पट्टी. गावातल्या दोन कन्नड शिक्षकांनी आनंदाने मदत केली. एक डॉक्टर ते तपासून देणार आहेत. ‘आग’, ‘ओढ’ आणि ‘टोचणे’ यांना कन्नड शब्द लगेच मिळाले. ‘लचक’ला ‘उळुकु’ चालेल असे ठरले. ‘उसण’ मात्र अडून बसली आहे. लचक निराळी आणि उसण निराळी, यावर आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे एकमत आहे, आणि तिला नेमका शब्द कोणता द्यावा यावर दोन्ही कन्नड शिक्षकांचे अजून एकमत झालेले नाही.